भात, हात, गुजरात आणि पोस्टग्रेसमधला माझा पहिला पॅच

“पाणी टाकलं तर पाण्याचं पुस्तक का येत नाही गं?”

ग्रंथपाल काकांनी हे विचारलं त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाची यादी संगणकावर आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. पुण्यात नोकरी, दिवसभर डेटाबेसशी मारामारी, त्यामुळे घरच्यांच्या लेखी मी ‘कम्प्युटरवाली’. पुस्तकं तीसेक हजार. नोंदी कुणीतरी पूर्वी एक्सेलमध्ये चढवून ठेवलेल्या, त्याही जुन्या फॉन्टमधून ओढूनताणून युनिकोडमध्ये आणलेल्या. खाली डेटाबेस म्हणून पोस्टग्रेस घेतला. फुकट आहे, आणि ऑफिसातही रोज त्याच्याशीच गाठ. शोधायचा चौकोन तयार केला, काकांना खुर्चीत बसवलं, आणि त्यांनी पहिलाच शब्द टाकला ‘पाणी’. ज्या नोंदींत ‘पाणी’ जसंच्या तसं होतं त्या आल्या. ‘पाण्याचे नियोजन’ नाही, ‘पाण्यावरील वनस्पती’ नाही. “माझ्या कार्डांच्या खणात हे सगळं एका जागी आहे,” काका म्हणाले. एवढंच बोलले, पण मला ते लागलं.

पोस्टग्रेसमध्ये मजकुरात शोध घ्यायची सोय मुळातच आहे. एक पार्सर मजकुराचे शब्द पाडतो, मग प्रत्येक शब्द एका डिक्शनरीकडे जातो, ती त्याचं मूळ रूप काढून देते, आणि इंडेक्समध्ये जातं ते मूळ रूप. इंग्रजीत ‘रनिंग’ आणि ‘रन्स’ दोघांचंही ‘रन’ होतं ते असं. मूळ रूप काढणाऱ्या या यंत्राला स्टेमर म्हणतात. पोस्टग्रेसबरोबर असे स्टेमर बरेच येतात. २०१९ च्या बाराव्या आवृत्तीत नेपाळी आणि तमिळ आले, २०२१ च्या चौदाव्यात हिंदी आला. मराठी नाही.

हिंदी लावून बघितला. लिपी एकच, म्हटलं काहीतरी पदरात पडेल. ‘काळा’, ‘काळी’, ‘काळे’ तिघांचं ‘काळ’ झालं, इथवर बरं; पण इतिहासाच्या कपाटातला ‘काळ’सुद्धा त्यांच्याच पंगतीला येऊन बसला. ‘घरासाठी’चं झालं ‘घरासाठ’. यात त्या स्टेमरचा काही दोष नाही. हिंदीत ‘घर के लिए’ सुटं लिहितात, त्याच्यावर एवढी शेपटं सोडवायची वेळच येत नाही. आपल्याकडे ‘घरातल्यांसाठीसुद्धा’ हा एकच शब्द, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

त्यात दुसरीच भानगड निघाली. ‘दुसऱ्या’ शोधलं की निम्म्याच नोंदी यायच्या. उरलेल्या समोर दिसतायत, डोळ्यांनी वाचता येतायत, पण डेटाबेस म्हणतो की शब्द वेगळा आहे. शेवटी बाइट उलगडून पाहिले. ‘दुसऱ्या’तला तो कोयरीसारखा आडवा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. एकतर ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर घेऊन त्याचा पाय मोडायचा, नाहीतर साध्या ‘र’चा पाय मोडून मागे एक न दिसणारा, शून्य रुंदीचा जोडक लावायचा. पडद्यावर दोन्ही जुळे भाऊ. पोस्टग्रेसच्या तेराव्या आवृत्तीपासून ‘नॉर्मलाइझ’ नावाचं फंक्शन आहे. ते नुक्ता देऊन लिहिलेला ‘र’ नीट ‘ऱ’मध्ये मिसळून देतं, पण जोडकवाल्याला हात लावत नाही, कारण युनिकोडच्या हिशेबात ते दोन मुळातच निराळे. तो मी क्वेरी लिहून बदलला. एका रात्रीत ‘पुढाऱ्यांचे’, ‘शेतकऱ्यांचा’, ‘कादंबऱ्या’ असं सगळं सुतासारखं सरळ झालं. वाचनालयाच्या यादीत शेतकरी किती आहेत ते त्या रात्री कळलं.

याच काळात मी पहिल्यांदा पोस्टग्रेसचा सोर्स कोड उघडला. ऑफिसात सात-आठ वर्षं हा डेटाबेस वापरत होते, पण आत डोकावायची वेळ कधी आली नव्हती. आपण स्कूटर चालवतो, इंजिन मेकॅनिकचं, तसंच. पार्सर देवनागरी शब्द कुठे तोडतो ते बघायचं होतं म्हणून ‘डब्ल्यूपार्सर_डेफ.सी’ ही फाइल काढली, आणि तिच्या पोटात एक यादी सापडली. नाव ‘स्ट्रेंज लेटर’. विचित्र अक्षरं! यादीतली पहिलीच नोंद देवनागरी विसर्गाची, दुसरी कान्याची, मग ऱ्हस्व वेलांटी, दीर्घ वेलांटी, पुढे ऑ, ओ आणि औचे काने. मग बंगाली, गुरुमुखी, गुजराती अशी सगळी भावंडं.

भानगड अशी आहे की युनिकोड काना-वेलांटीला ‘अक्षर’ म्हणत नाही, ‘जागा घेणारं चिन्ह’ म्हणतो. त्यामुळे सी भाषेच्या लायब्ररीला, म्हणजे त्या भाषेबरोबर येणाऱ्या तयार कोडला, विचारलं की हे अक्षर आहे का, तर उत्तर येतं ‘नाही’. पार्सरनं त्यावर विश्वास ठेवला असता तर ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे झाले असते. म्हणून कित्येक वर्षांपूर्वी कुणीतरी बसून ही सगळी चिन्हं एकेक करून हातानं लिहिली, वर टीप ठेवली की शोध बायनरी पद्धतीनं होतो तेव्हा यादीचा क्रम मोडू नका, आणि तो माणूस आपल्या कामाला निघून गेला. आपला काना कुणाच्या तरी लेखी विचित्र आहे याचं मला आधी हसू आलं. मग वाटलं, ही यादी नसती तर माझं वाचनालयाचं काम पहिल्या पायरीवरच अडलं असतं.

स्टेमर लिहायला घेतला. त्यासाठी स्नोबॉल नावाची एक छोटी भाषा आहे, मार्टिन पोर्टर यांनी खास याच कामासाठी केलेली. तिच्यात नियम लिहायचे, ती त्याचा सी कोड काढून देते. नियम म्हणजे काय, तर शाळेतलं व्याकरण. सामान्यरूपाचा तास मला भयंकर कंटाळवाणा वाटायचा, आणि आता रात्री अकरा वाजता मी आईला फोन करून विचारत होते की ‘भाऊ’चं ‘भावा’ होतं तसं आणखी कशाकशाचं होतं.

‘पाण्यात’ घ्या. यातून ‘ात’ काढला तर ‘पाण्य’ उरतं, आणि ते कशालाच जुळत नाही. नुसता ‘त’ काढला तर ‘पाण्या’, मग ‘्या’ सोडवला की ‘पाण’. तिकडे ‘पाणी’ची वेलांटी काढली तरी ‘पाण’. जुळले! ‘पाण’ हा शब्द नाही हे खरं, पण स्टेमरला शब्दाशी देणंघेणं नसतं, दोन्ही वाटा एका जागी आल्या म्हणजे झालं. ‘रस्ता’चा काना काढला की ‘रस्त’. ‘रस्त्यावर’मधला ‘वर’ काढला, मग ‘्या’, तरी ‘रस्त’. ‘फूल’ आणि ‘फुलात’ जुळेनात, म्हणून आधीच सगळे दीर्घ उकार ऱ्हस्व करून टाकले. शुद्धलेखनाच्या बाई बघत्या तर छडी घेतली असती.

पहिल्या रात्री सगळं इतकं छान चाललं की मी खुशीत वाचनालयाची अख्खी यादी त्यातून काढली. सकाळी चहा घेत निकाल बघायला बसले. ‘भात’चा झाला होता ‘भ’. ‘हात’चा ‘ह’. ‘सात’, ‘दात’, ‘रात’, ‘वात’ सगळ्यांचे एकेक अक्षर उरलेले, लढाईनंतरच्या पटांगणासारखं. मग नियम घातला की शेपूट काढल्यावर निदान दोन व्यंजनं उरली पाहिजेत. भात वाचला. पण ‘गुजरात’ त्या नियमातून डौलात पार झाला आणि त्याचा ‘गुजर’ झाला. ‘प्रभात’चा ‘प्रभ’. ‘ला’च्या नियमानं ‘महिला’ची ‘महि’ केली, ‘पहिला’चा ‘पहि’. ऑफिसात जेवताना हे सांगितलं तर आठवडाभर मला ‘काय गुजर, आज काय कापलंस?’ असं विचारत होते.

आमच्या टीममध्ये एक सीनियर आहे, पोस्टग्रेसच्या कोडमध्ये बरीच वर्षं मुरलेला. पुण्यात असे लोक आहेत, आणि हे फारसं कुणाला माहीत नसतं. २००८ साली आलेल्या ८.३ आवृत्तीत एचओटी नावाची सुधारणा आली. ओळ बदलली पण इंडेक्समधला एकही स्तंभ बदलला नाही, तर नवी प्रत त्याच पानावर ठेवायची आणि इंडेक्सला त्रास द्यायचा नाही, अशी ती युक्ती. आज जगभर जिथे जिथे पोस्टग्रेस चालतो तिथे ती क्षणोक्षणी वापरली जाते. तिच्यामागे पुण्यातल्या अभियंत्याचा मोठा हात आहे. हे मला या सीनियरनंच सांगितलं, वर असंही म्हणाला की कोथरूडच्या कट्ट्यावर कुणाला सांगून बघ, कुणी चहा पाजणार नाही.

त्याला म्हटलं, माझा स्टेमर पोस्टग्रेसला पाठवते. तो म्हणाला, तिथे पाठवून उपयोग नाही. पोस्टग्रेस स्टेमर स्वतः लिहीत नाही, ते स्नोबॉल प्रकल्पातून जसेच्या तसे उचलून आणतात. तुला आधी तिकडे जावं लागेल, आणि ते नुसता कोड घेत नाहीत, त्याबरोबर शब्दांची यादी आणि प्रत्येक शब्दाचा अपेक्षित निकाल लागतो. “महिलेची ‘महि’ करणारा स्टेमर घेऊन जाऊ नकोस,” एवढं बोलून तो मीटिंगला गेला. जाता जाता म्हणाला, “त्या विचित्र अक्षरांना टेस्ट आहे का बघ. नसेल तर तेवढी लिही. छोट्या कामानं सुरुवात कर.”

मी शोधलं. पार्सर देवनागरी शब्द अखंड ठेवतो की नाही हे तपासणारी ओळ मला कुठे दिसली नाही. ठरलं.

पोस्टग्रेस स्वतः बांधायचा म्हणजे फार काही नाही. कॉन्फिगर करताना असर्शन चालू ठेवायची, म्हणजे आत काही गृहीतक मोडलं की सर्व्हर गप्प न बसता तिथल्या तिथे कोसळतो आणि ओळ क्रमांक सांगतो. मग ‘मेक चेक’. हा आदेश एक तात्पुरता सर्व्हर उभा करतो, एसक्यूएल या डेटाबेसला आज्ञा द्यायच्या भाषेतल्या दोनशेच्या वर फाइली त्यावर चालवतो, आणि आलेला निकाल शेजारच्या ‘एक्स्पेक्टेड’ फोल्डरमधल्या निकालाशी अक्षरन् अक्षर ताडून बघतो. एक स्पेस जास्त झाली तरी नापास. मी ‘पाणी’, ‘ज्ञानेश्वरी’, ‘दुःख’ आणि ‘कॉफी’ असे चार शब्द घेतले. पहिला काना-वेलांटीसाठी, दुसरा जोडाक्षरासाठी, तिसरा विसर्गासाठी, चौथा ऑसाठी. पास. एकूण वीस ओळींचा पॅच (मूळ कोडमध्ये काय बदलायचं ते सांगणारी फाइल), त्याला नाव दिलं ‘व्ही१-०००१’ वगैरे, तिथल्या रीतीप्रमाणे, आणि मेलला जोडून पाठवून दिला.

हा प्रकल्प अजूनही मेलवर चालतो, हे नव्या मुलांना सांगितलं तर त्यांना पटत नाही. कोड गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेत, असतो, पण चर्चा, भांडणं, पॅच, सगळं मेलिंग लिस्टवर. उत्तर देताना मूळ मजकुराच्या वर लिहायचं नाही. ज्या वाक्याला उत्तर द्यायचं तेवढंच ठेवून त्याच्याखाली लिहायचं, बाकी काढून टाकायचं. १९८६ मध्ये बर्कलीला मायकेल स्टोनब्रेकर यांनी पोस्टग्रेसचं काम सुरू केलं. १९९४ मध्ये अँड्र्यू यू आणि जॉली चेन या दोन विद्यार्थ्यांनी त्याला एसक्यूएल शिकवलं, १९९६ मध्ये पोस्टग्रेस्क्यूएल हे बोबडी वळवणारं नाव आलं. तेव्हापासून तो कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. कोड आत घालायचा अधिकार असलेले कमिटर जगभरात मिळून तीसेक. बाकीचे सगळे माझ्यासारखे दारात मेल टाकणारे.

पॅच हरवू नयेत म्हणून कमिटफेस्ट असतो. जुलै, सप्टेंबर, नोव्हेंबर, जानेवारी आणि मार्च, असे वर्षातले पाच महिने. पॅच त्या यादीत नोंदवायचा, मग तो ‘रिव्ह्यू हवा’, ‘लेखकाकडे’, ‘कमिटरसाठी तयार’ असा सरकत राहतो. मार्चचा संपला की एप्रिलच्या सुरुवातीला नव्या गोष्टी बंद, मग बीटा, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमाराला नवी आवृत्ती. बँकेच्या मार्चअखेरीइतकीच धावपळ.

मी सप्टेंबरच्या यादीत नाव घातलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लाल खूण. नोंदवलेला प्रत्येक पॅच एक रोबो आपोआप लिनक्स, फ्रीबीएसडी, मॅकओएस, विंडोज अशा वेगवेगळ्या यंत्रांवर बांधून बघतो. माझा लिनक्सवर हिरवा, विंडोजवर लाल. तिथल्या टेस्ट डेटाबेसचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये साठवायची पद्धत, युनिकोडवाली युटीएफ-८ नव्हतीच, त्यामुळे माझं ‘पाणी’ त्याला कळलंच नाही. माझ्या लॅपटॉपवर चालतं हे वाक्य इथे कुणी ऐकून घेत नाही.

यावर तोडगा आधीपासून आहे. फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग तपासायचं, युटीएफ-८ नसेल तर तिथेच बाहेर पडायचं, आणि ‘एक्स्पेक्टेड’ फोल्डरमध्ये त्या अर्धवट निकालाची दुसरी फाइल ठेवायची, नावाला शेवटी ‘_१’ लावून. म्हणजे दोनपैकी कुठलाही निकाल आला तरी पास. व्ही२ पाठवला. तीन आठवडे शांतता. मग एका रिव्ह्यूअरचं पत्र आलं, चार प्रश्न. लोकेल, म्हणजे भाषा-प्रदेशाची सेटिंग, बदललं तर निकाल बदलेल का? ‘सी’ लोकेलमध्ये बघितलंस का? आयसीयू ही युनिकोडची लायब्ररी लावून? ही टेस्ट नवी फाइल म्हणून का, जुन्या फाइलीत का नाही? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं शोधता शोधता माझे दोन रविवार गेले. बघितलं नव्हतंच मी.

सुरुवातीला राग आला, खोटं कशाला बोलू. वीस ओळींसाठी एवढी उलटतपासणी? पण सीनियरनं मला एफसिंकची गोष्ट वाचायला लावली. डेटा खरोखर डिस्कवर गेला का हे विचारायचा तो आदेश. पोस्टग्रेसची समजूत अशी की तो अपयशी ठरला तर पुन्हा विचारायचं, आज ना उद्या जमेल. २०१८ मध्ये लक्षात आलं की लिनक्सवर एकदा अपयश सांगून झालं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरीतलं ते पान ‘स्वच्छ’ म्हणून टाकू शकतो, आणि दुसऱ्यांदा विचारलं तर खुशाल ‘सगळं ठीक’ म्हणतो. डेटा मात्र डिस्कवर गेलेलाच नाही. वीस वर्षं हे असंच चालत आलेलं. फेब्रुवारी २०१९ च्या दुरुस्त्यांमध्ये उपाय आला तो असा: एफसिंक अपयशी झाला तर सर्व्हरनं स्वतःहून कोसळायचं, आणि उठल्यावर वॉलमधून, म्हणजे आधी लिहून ठेवलेल्या रोजमेळातून, सगळं पुन्हा उभं करायचं. तेव्हा चालू असलेल्या सगळ्या जुन्या आवृत्त्यांमध्येसुद्धा ते घातलं, कारण प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षं सांभाळायचं वचन दिलेलं असतं. हे वाचल्यावर माझ्या चार प्रश्नांचा राग मुकाट्यानं गिळला.

कमिटफेस्टचा आणखी एक अलिखित म्हणता येणार नाही असा नियम आहे: तुझा एक पॅच असेल तर दुसऱ्याचा तेवढ्याच वजनाचा एक तपास. मी यादीतून एक साधासा दिसणारा पॅच उचलला. एका आदेशाला चुकीचा पर्याय दिला की धड समजेल असा संदेश द्यायचा, एवढाच. लेखक दुसऱ्याच खंडातला, त्याची सकाळ म्हणजे माझी रात्र. पॅच लावला, बांधला, टेस्टा चालवल्या, सगळं हिरवं. ‘छान आहे’ असं लिहून मोकळी होणार होते.

पण पोस्टग्रेसमध्ये चूक दाखवणारे संदेश कसे लिहायचे याचंही एक शास्त्र आहे, ते नुकतंच वाचलेलं होतं. मुख्य संदेश लहान लिपीत सुरू, शेवटी पूर्णविराम नाही. त्याखालचा तपशील आणि सल्ला मात्र पूर्ण वाक्यात, मोठ्या अक्षरानं सुरू आणि पूर्णविरामासकट. त्यानं मुख्य संदेशाला पूर्णविराम दिला होता. हे म्हणजे लग्नपत्रिकेतली वेलांटी पकडणाऱ्या आत्यासारखं झालं, पण लिहिलं. मग वाटलं, फक्त पूर्णविराम सांगितला तर बरं दिसणार नाही, म्हणून थोडं ढोसून बघावं. रिकामी स्ट्रिंग दिली. संदेश आला. एकच पर्याय दोनदा दिला. संदेश आला. पर्यायाची किंमत दिलीच नाही, नुसतं नाव दिलं, आणि सर्व्हर धाडकन पडला. लॉगमध्ये ‘ट्रॅप, फेल्ड असर्ट’ आणि फाइलची ओळ. मी दोनदा करून बघितलं, तिसऱ्यांदा आमच्या सीनियरला बोलावून दाखवलं. तो म्हणाला, “आता हे पाठव, आणि पूर्णविराम शेवटी लिही.”

लेखकानं दुसऱ्या दिवशी आभार मानून दुरुस्त प्रत पाठवली. महिन्याभरानं एका कमिटरनं तो पॅच घेतला. कमिटच्या खाली ओळी असतात, लेखक कोण, कुणी तपासला, चर्चा कुठे झाली. ‘रिव्ह्यूड-बाय’च्या पुढे माझं नाव होतं. त्यानंतर तासाभरात बिल्डफार्मवरची यंत्रं एकेक करून तो कोड बांधायला लागली. बिल्डफार्म म्हणजे जगभरातल्या लोकांनी आपापल्या घरात, कपाटात, तळघरात ठेवलेली यंत्रं, आणि प्रत्येकाला एका प्राण्याचं नाव. मी रात्री दीड वाजेपर्यंत प्राणी हिरवे होताना बघत बसले होते. आईला सकाळी फोनवर सांगितलं तर म्हणाली, “म्हणजे दुसऱ्याचा पेपर तपासलास. मग तुझा पेपर कुठाय?”

माझा पेपर नोव्हेंबरमधून जानेवारीत सरकला, आणि तिथून परत आला. एका कमिटरनं सौजन्यानं लिहिलं होतं की टेस्ट बरोबर आहे, पण अशा प्रत्येक टेस्टला दोन अपेक्षित निकाल सांभाळावे लागतात, लोकेलच्या लायब्ऱ्या बदलल्या की ती कुठल्या तरी कोपऱ्यातल्या यंत्रावर मोडते, आणि मग तिच्यामागे धावायला कुणाचा तरी दिवस जातो. चार शब्दांसाठी हा सौदा त्याला परवडणारा वाटत नव्हता. युनिकोडच्या तक्त्यांवरूनच ती विचित्र अक्षरांची यादी काढता आली तर मात्र बघायला आवडेल, असंही शेवटी होतं. नोंदीपुढे शिक्का पडला: ‘अभिप्रायासह परत’.

त्याचं म्हणणं मला त्या दिवशी पटलं नाही. पटलं ते फेब्रुवारीत, आणि वेगळ्याच वाटेनं.

झालं असं की वाचनालयात मी माझा स्टेमर घातलेला पोस्टग्रेस स्वतः बांधून बसवला होता. काकांचं ‘पाणी’ सापडत होतं, सगळे खूश. पण पोस्टग्रेसच्या छोट्या दुरुस्त्या दर तीन महिन्यांनी येतात, फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. बाकी जगाला एक आदेश देऊन त्या मिळतात. मला मात्र दर खेपेला नवा सोर्स आणायचा, त्यात माझ्या फाइली घालायच्या, बांधायचं, टेस्टा चालवायच्या, शनिवारी स्वारगेटहून एसटी पकडायची आणि गावी जाऊन बसवायचं. फेब्रुवारीत मी ते पुढे ढकललं, मार्चमध्ये आणखी पुढे. शेवटी बसवायला गेले तेव्हा स्टेमरच्या नियमांची जुनी प्रत घालून ठेवली. घरी येऊन जेवायला बसते तोवर काकांचा फोन. “अगं, भात गेला परत.” माझ्या एकटीच्या चार नियमांची ही गत, तर लाखो ओळी पाच-पाच आवृत्त्यांमध्ये जिवंत ठेवणाऱ्यांनी वीस ओळी घेताना का विचार करू नये?

क्रमवारीचं काम मात्र एका फटक्यात झालं. काकांना यादी मराठी कोशासारखी हवी होती, ‘ज्ञ’ आणि ‘क्ष’ शेवटी. डेटाबेस ‘ज्ञानेश्वरी’ला ‘ज’खाली नेऊन बसवायचा. दहाव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसला आयसीयूच्या क्रमवाऱ्या चालतात, त्यातली मराठीची लावली, आणि ‘ह’च्या पुढे ळ, क्ष, ज्ञ शिस्तीत उभे राहिले. यासाठी मला एक ओळही लिहावी लागली नाही, कुणीतरी आधीच लिहून ठेवलेली होती. काकांनी पान खाली सरकवत नेलं, शेवटची नोंद बघितली आणि मान डोलावली. माझ्या चार महिन्यांच्या स्टेमरला एवढी दाद मिळाली नव्हती.

सध्या दोन कामं चालू आहेत. एक, ती विचित्र अक्षरांची यादी युनिकोडच्या तक्त्यांवरून आपोआप काढणारी स्क्रिप्ट. तिचा व्ही१ अजून माझ्याच लॅपटॉपवर आहे, ‘सी’ लोकेलमध्ये बघून झालंय. दुसरं, स्टेमरसाठी शब्दांची यादी. विकिपीडियावरून शब्द काढता येतात, पण अपेक्षित निकाल कुणीतरी मराठी डोक्यानंच लिहायला हवा.

गेल्या महिन्यात गावी गेले तेव्हा काकांनी टेबलाच्या खणातून एक गठ्ठा काढून दिला, रबर लावलेला. जुनी कॅटलॉग कार्डं, आता रद्दीतच जायची होती. मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी शाईच्या पेनानं शब्द लिहून ठेवले होते, डावीकडे टाकलेला शब्द, उजवीकडे काय यायला हवं होतं ते. महिला, पहिला, प्रभात, आघात, गुजरात. दीडशेच्या आसपास असतील. परतीच्या एसटीत मी ती टाइप करत आले, खंबाटकीच्या वळणांत दोन कार्डं सीटखाली गेली ती वाकून काढली. सगळ्यात खालच्या कार्डावर लिहिलं होतं: ‘सोनाराला’ बरोबर येतं. ‘सोनाराकडचा’ येत नाही. बघ.